सूर्याच्या अंगणाबाहेरील वारा

'अवकाश' हा शब्द आपल्या बोलण्यांत फार कामाचा आहे. पंगतीला अवकाश आहे, गाडीला अवकाश आहे, असें आपण नित्य म्हणतों; आणि त्या वेळीं मनांत अर्थ एकच असतो, कीं मध्यें कांहीं नाहीं, नुसती मोकळीक आहे. तोच शब्द आपण ताऱ्यांमधील प्रदेशालाही लावला, आणि त्याबरोबर तो 'कांहीं नाहीं' हा अर्थही तिकडे जाऊन चिकटला. शाळेच्या पुस्तकांतील सूर्यमालेचें चित्र पाहिलें तर मधोमध सूर्य, भोंवतीं ग्रहांचीं वर्तुळें, आणि शेवटच्या वर्तुळाबाहेर काळी शाई. ही काळी शाई म्हणजे काय, असें घरांतील एखादें चौकस मूल विचारतें, व वडील माणसें 'तेथें कांहीं नाहीं' असें सांगून मोकळीं होतात. प्रस्तुत लेखांत आम्हांस त्या काळ्या शाईविषयींच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. कारण तेथें कांहीं तरी आहे, तें स्थिर नसून वाहतें आहे, आणि त्याचा थोडासा अंश प्रत्यक्ष पृथ्वीपर्यंत येऊन पोंचत असतो.

प्रथम हें 'कांहीं तरी' किती आहे तें पाहूं. आपण ज्या हवेंत बसलों आहों तिचा खेळांतल्या लहानशा फांशाएवढा, म्हणजे एक घन सेंटिमीटर, तुकडा घेतला, तर त्यांत सुमारें २५ वर अठरा शून्यें मांडावीं इतके रेणू असतात. सूर्यमालेबाहेरील वायूंतून तेवढाच तुकडा उचलला तर बहुधा हातीं कांहींच लागणार नाहीं. असे तीन-चार तुकडे उचलावे तेव्हां सरासरीनें एक अणु सांपडेल. उलट बाजूनें सांगावयाचें तर, आपल्या त्या फांशाएवढ्या हवेंतील रेणू इतक्या विरळपणानें पसरावयाचे झाल्यास लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी चाळीस किलोमीटरांहून अधिक असलेली खोली लागेल! माणसानें यंत्रें लावून निर्माण केलेली उत्तमांतील उत्तम निर्वात पोकळीही यापुढें गर्दीची जागा ठरते. मग याला वायु तरी कां म्हणावें? तर जागा अफाट आहे म्हणून. सूर्य सध्यां ज्या ढगांतून जात आहे त्याचा विस्तार सुमारें ३० प्रकाशवर्षें आहे. त्यांत मुख्यतः हायड्रोजन, दहा हायड्रोजनमागें एखादा हीलियमचा अणु, आणि बाकीच्या सर्व मूलद्रव्यांची चिमूटभर भेसळ, असा शिधा आहे.

तापमानाची गोष्ट तर याहून चमत्कारिक. हा वायु सुमारें ७००० अंश, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाहूनही अधिक, तप्त आहे. तरीही त्यांत एखादा लोखंडाचा गोळा नेऊन ठेवला तर तो तापण्याऐवजीं गारठत जाईल. तापमान हें एकेक कण किती वेगानें धांवतो याचें माप आहे. ऊब मिळावयाची तर असे धांवणारे कण पुष्कळ हवेत. बंबांतली ठिणगी हातावर उडाली तर चटका बसतो, पण त्या एका ठिणगीनें आंघोळीचें पाणी तापत नाहीं, तशांतलाच हा प्रकार आहे.

आपल्या दर्शनकारांनीं आकाशाची गणना द्रव्यांत केली आहे. यावरून 'हें सर्व पूर्वजांस ठाऊक होतेंच' असें म्हणण्याचा मोह कित्येकांस होतो. आमच्या मतें त्यांत पूर्वजांचा गौरव नाहीं. आकाश हें द्रव्य आहे असा तर्क करणें एक, आणि त्यांत तीन फांशांमागें एक अणु आहे असें मोजून दाखविणें दुसरें. या दुसऱ्या कामास विसावें शतक उजाडावें लागलें.

तें काम सुरू झालें तें एका हट्टी रेषेमुळें. इ. स. १९०४ मध्यें जर्मनींतील पॉट्सडॅम येथील वेधशाळेचे ज्योतिषी योहानेस हार्टमान हे मृगाच्या त्रिकांडांतील एका ताऱ्याचा अभ्यास करीत होते. ज्या मृग नक्षत्राच्या आधारानें लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं 'ओरायन' ग्रंथांत वेदकाळाची मांडणी केली, तेंच हें नक्षत्र. त्रिकांडाचे तीन तारे उगवतांना जो सर्वांआधीं वर येतो तो हा. युरोपांत त्याला मिंटाका म्हणतात. नुसत्या डोळ्यांस एकच दिसणारा हा तारा वस्तुतः जोडतारा असून, ती जोडी सुमारें पावणेसहा दिवसांत एकमेकांभोंवतीं फेरी पुरी करते. स्टेशनांत शिरणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा सूर चढलेला व निघून जाणाऱ्या गाडीचा उतरलेला ऐकूं येतो, हें आमच्या वाचकांनीं अनुभविलें असेलच. प्रकाशाचेंही तसेंच आहे. तारा आपल्याकडे येऊं लागला कीं त्याच्या वर्णपटांतील काळ्या रेषा जांभळ्या बाजूस सरकतात, दूर जाऊं लागला कीं तांबड्या बाजूस. जोडताऱ्याच्या रेषा म्हणूनच झोंपाळ्याप्रमाणें मागें-पुढें होत असतात.

हार्टमान यांना दिसलें तें असें, कीं इतर रेषा नियमानें झोंके घेत असतां कॅल्शियमची एक रेषा मात्र जागेवरून हालत नाहीं. चौघे जण झोंपाळ्यावर बसले आहेत, भिंतीवर पांच सावल्या पडल्या आहेत, आणि चार हालतात व पांचवी स्थिर आहे, अशी कल्पना करावी. ती पांचवी सावली झोंपाळ्यावरील कोणाची नव्हे. दिवा व भिंत यांमध्यें दुसरेंच कांहीं उभें आहे, हें उघड होतें. हार्टमान यांनीं तोच निष्कर्ष काढला: तारा आणि आपण यांच्या दरम्यान कॅल्शियमच्या वाफेचा एक ढग आहे. पानाच्या डब्यांतील चुन्यांत जें कॅल्शियम तेंच हें. ही रेषा म्हणजे यंत्राचा दोष अगर काचेवरील डाग, असें म्हणून ती सोडून देणें त्यांना किती सोपें होतें! आम्हांस या सबंध इतिहासांत त्या न सोडण्याचेंच कौतुक वाटतें.

पुढें १९१९ मध्यें अमेरिकेच्या लिक वेधशाळेंत मेरी ली हेगर या विदुषीस सोडियमच्याही अशाच स्थिर रेषा सांपडल्या. मिठाची चिमूट विस्तवावर पडतांच जो पिवळा भडका उठतो तो सोडियमचा. त्याच पिवळ्या रंगाच्या ठिकाणीं या काळ्या रेषा उमटतात. चुना झाला, मीठ झालें! या रेषा वाचण्याची किल्ली मात्र आपल्या देशांत घडली. अणूचा एखादा इलेक्ट्रॉन निघून गेला कीं त्याच्या रेषा पार बदलतात. किती उष्णतेंत व किती विरळपणांत किती अणु असे उघडे पडतील याचें गणित मेघनाद साहा यांनीं १९२० मध्यें मांडलें. हार्टमान यांची रेषा अशाच एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कॅल्शियमची होती. १९२६ मध्यें एडिंग्टन यांनीं ताऱ्यांमधील विरळ द्रव्याचा प्रश्न रॉयल सोसायटीपुढील व्याख्यानांत सविस्तर मांडला, आणि हा वायु कोठें तरी तुरळक नसून सर्वत्र पसरलेला आहे, या मताला बळकटी आली.

पण चुना व मीठ ही झाली फोडणी. खरें अन्न जो हायड्रोजन तो अजून दिसत नव्हता. थंड हायड्रोजनच्या ठळक रेषा अतिनील प्रकाशांत पडतात, व तो प्रकाश आपलें वातावरण खालीं येऊंच देत नाहीं. ही अडचण दूर झाली ती मोठ्या विलक्षण परिस्थितींत. दुसऱ्या महायुद्धांत हॉलंड देश जर्मनांच्या ताब्यांत असतां, यान ऊर्ट यांच्या सूचनेवरून हेंड्रिक व्हान द हुल्स्ट या तरुण अभ्यासकानें १९४४ मध्यें गणितानें दाखवून दिलें, कीं हायड्रोजनचा अणु २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ-लहर सोडूं शकतो. एखाद्या अणूनें आपण होऊन ही लहर सोडावी यास सरासरीनें एक कोटीहून अधिक वर्षें लागतात. पण अणूंची संख्या अगणित असल्यानें कोणी ना कोणी क्षणोक्षणीं बोलतच असतो. २५ मार्च १९५१ रोजीं अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठांत ईवेन व पर्सेल यांनीं ती लहर पकडली. त्यासाठीं खिडकीबाहेर एक मोठें नरसाळें बसविलें होतें. त्यांत पावसाचें पाणी शिरे, व विद्यार्थी नेम धरून बर्फाचे गोळे फेंकीत. आज आपल्या पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ज्या ३० तबकड्या उभ्या आहेत, त्यांनाही ही २१ सेंटिमीटरची लहर ऐकूं येते. त्या बाजूनें जाणाऱ्यांनीं मुलांना त्या तबकड्या आवर्जून दाखवाव्या.

असो. ही झाली दूरदूरच्या वायूची कथा. आपल्या दाराशीं काय आहे, हें कळण्यास वातावरणाबाहेर जावें लागलें. १९७० च्या सुमारास अमेरिकेच्या ओजीओ-५ या उपग्रहास असें आढळलें, कीं सबंध आकाश हायड्रोजनच्या अतिनील प्रकाशानें मंद उजळलेलें आहे, व हा उजेड एका बाजूस अधिक आहे. याचा अर्थ असा, कीं बाहेरचा हायड्रोजन सूर्यमालेंत एका ठराविक दिशेनें शिरत आहे, आणि सूर्यप्रकाश त्यावरून परावर्तित होत आहे. पुढें १९९० मध्यें निघालेल्या युलिसिस यानानें त्याच वाऱ्यांतील हीलियमचे अणु प्रत्यक्ष पकडले. वेग निघाला सेकंदास सुमारें २६ किलोमीटर. हा वारा वाहतो कीं आपण धांवतों, असें कोणी विचारील, तर उत्तर 'दोन्ही' असें आहे. ढगही चालला आहे व सूर्यही, आणि दोघांच्या गतींतील फरक आपल्याला वाऱ्यासारखा लागतो. या वेगानें सूर्य आपला सबंध परिवार बरोबर घेऊन त्या वायूंतून दररोज सुमारें साडेबावीस लक्ष किलोमीटर पुढें जात आहे.

हा वारा कोणत्या बाजूनें येतो? आकाशांत ज्येष्ठा नक्षत्राचा तांबडा तारा ओळखतां येत असेल, तर त्याच्या उत्तरेस दहा-बारा अंशांवर वाऱ्याचें मुख आहे. तेथून निघून सूर्यावरून तो समोरच्या बाजूस, रोहिणी व मृग यांच्या दरम्यान, निघून जातो. हायड्रोजनचे बहुतेक अणु सूर्याजवळ येतांच त्याच्या ताणानें मोडतात. हीलियम मात्र चिवट असल्यानें तो सूर्याच्या गुरुत्वाकर्षणानें वळून पाठीमागें एका निमुळत्या झोतांत गोळा होतो. दरवर्षीं डिसेंबरच्या आरंभीं पृथ्वी या झोतांतून पार होते. ज्या मृगांत हार्टमान यांना पहिली खूण सांपडली त्याच्याच शेजारीं हा झोत जावा, हा निव्वळ योगायोग आहे; कोणी त्यावरून फलज्योतिष काढूं नये.

आतां मुख्य प्रश्न. बाहेरचा वायु आपल्याकडे येत आहे, तर त्याला अडविणारें कोणी आहे कीं नाहीं? आहे, आणि तो सूर्यच. सूर्यापासून विद्युन्मय कणांचा प्रवाह अखंड बाहेर पडत असला पाहिजे, असें १९५८ मध्यें शिकागो विद्यापीठाचे यूजीन पार्कर यांनीं गणितानें सांगितलें. त्यांचा निबंध ज्यांच्याकडे परीक्षणास गेला त्या दोन्ही विद्वानांनीं तो नापसंत केला. नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. त्यांनाही ती कल्पना फारशी पटली नव्हती. परंतु गणितांत चूक सांपडेना, म्हणून त्यांनीं परीक्षकांचें मत बाजूस सारून निबंध छापला. स्वतःस न पटलेल्या मताला छापण्याचा न्याय देणें ही संपादकाच्या धर्मांतील अवघड गोष्ट आहे, हें या धंद्यांतील माणसें जाणतात. १९६२ मध्यें शुक्राकडे निघालेल्या मॅरिनर-२ यानानें पार्कर यांचा सौर वारा प्रत्यक्ष मोजला. सेकंदास चारशें किलोमीटरांच्या आसपास वेगानें वाहणारा हा वारा बाहेरच्या वायूस रेटीत जातो, व रेटतां रेटतां जेथें त्याचें बळ संपतें तेथें सूर्याच्या अंगणाची हद्द पडते. पाऱ्याच्या गोळीप्रमाणें ही हद्द घट्ट नाहीं; साबणाच्या फुग्याप्रमाणें आंतला दाब व बाहेरचा दाब यांच्या तोलावर ती उभी आहे.

ती हद्द कोठें आहे हें पाहून येण्याचें भाग्य मनुष्यजातीला दोन यानांनीं मिळवून दिलें. व्हॉयेजर-२ हें २० ऑगस्ट १९७७ ला व व्हॉयेजर-१ हें ५ सप्टेंबर १९७७ ला निघालें. ग्रहांच्या भेटी आटोपून तीं पुढें चालत राहिलीं. पृथ्वी-सूर्य अंतर एक मानलें तर ९४ पट अंतरावर, डिसेंबर २००४ मध्यें, व्हॉयेजर-१ ला सौर वारा एकाएकीं मंदावलेला आढळला. नंतर ऑगस्ट २०१२ मध्यें, सुमारें १२२ पट अंतरावर, सूर्याकडून येणारे कण जवळजवळ नाहींसे झाले व दूरच्या ताऱ्यांकडून येणारे विश्वकिरण एकदम वाढले. यान बाहेर पडलें असें वाटावें. पण चुंबकक्षेत्राची दिशा बदलली नव्हती, म्हणून विद्वानांत वाद माजला. भोंवतालचा वायु सरळ मोजला असता तर वाद एका दिवसांत मिटता. परंतु तें मोजणारें यंत्र १९८० मध्येंच बिघडलें होतें.

तेव्हां सूर्यच मदतीस आला. मार्च २०१२ मध्यें सूर्यावर झालेल्या स्फोटांचा धक्का तेरा महिन्यांनीं, एप्रिल २०१३ मध्यें, यानापाशीं पोंचला, आणि भोंवतालचे इलेक्ट्रॉन थरथरूं लागले. घागरीवर टिचकी मारून नादावरून पाणी किती आहे तें आपण ओळखतों; तद्वत् त्या थरथरीच्या सुरावरून वायु किती दाट आहे तें कळतें. आयोवा विद्यापीठाचे डोनाल्ड गर्नेट व त्यांचे सहकारी यांनीं यानावरील एका साध्या आकाशकांडीनें तो सूर ऐकला. घन सेंटिमीटरास ०.०८ इलेक्ट्रॉन! हद्दीच्या आंतील वायूहून हा चाळीस पट दाट होता. म्हणजे यान खरोखरच बाहेरच्या ढगांत पोंचलेलें होतें. बाहेर पोकळी व आंत वस्ती अशी आपली समजूत. प्रत्यक्षांत हद्दीपाशीं आंतली बाजू अधिक ओस व बाहेरची अधिक भरलेली निघाली. ५ नोव्हेंबर २०१८ रोजीं व्हॉयेजर-२ नेंही हद्द ओलांडली. त्याचें मोजमापाचें यंत्र शाबूत असल्यानें त्यानें तोच निकाल सरळ दिला. पुढें २०२१ मध्यें कॉर्नेल विद्यापीठाच्या स्टेला ऑकर यांनीं व्हॉयेजर-१ च्या नोंदींतून, धक्का नसतांनाही अखंड चाललेली त्या वायूची अतिमंद गुणगुण वेंचून काढली. हीं यानें आतां थकलीं आहेत. त्यांच्या विजेचा सांठा वर्षास सुमारें चार वॅटनीं घटत असून, गृहिणीनें महिनाअखेरीस एकेक खर्च कमी करावा तसें त्यांवरील एकेक यंत्र बंद करावें लागत आहे. त्या ढगांत दुसरें कोणतेंही चालतें यान नाहीं. तीं मुकीं झालीं म्हणजे तेथून येणारी प्रत्यक्ष वार्ता थांबेल.

एवढ्या दूरच्या हद्दीशीं आमचें काय काम, असें कोणी म्हणेल. काम आहे. ताऱ्यांकडून येणाऱ्या विश्वकिरणांपैकीं बहुतेक या फुग्याच्या कडेशींच अडतात. बाहेरचा ढग दाट झाला तर फुगा आक्रसेल. वीस-तीस लक्ष वर्षांपूर्वीं असें झालें असावें, असें बोस्टन विद्यापीठाच्या मेराव्ह ओफर व त्यांचे सहकारी यांनीं २०२४ मध्यें प्रतिपादिलें: एका थंड व दाट ढगांत सूर्य शिरला, व फुगा इतका लहान झाला कीं पृथ्वी त्याच्या बाहेर उघडी पडली. हें अजून अनुमान आहे, आणि आम्ही तें अनुमान म्हणूनच येथें देतों. परंतु बाहेरचें द्रव्य पृथ्वीवर पडतें, हें अनुमान नव्हे. लोहाचा एक प्रकार असा आहे कीं तो फुटणाऱ्या ताऱ्यांत तयार होतो व सव्वीस लक्ष वर्षांत निम्मा होतो. पृथ्वीच्या जन्माच्या वेळचा असा लोह आज उरणें शक्यच नाहीं. तोच समुद्रतळाच्या लक्षावधि वर्षांच्या जुन्या थरांत सांपडला. आणि २०१९ मध्यें अंटार्क्टिकांतील अलीकडच्या वर्षांत पडलेलें पांचशें किलो बर्फ वितळवून गाळलें, तेव्हां त्यांतही त्याचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अणु मिळाले. म्हणजे ताऱ्यांची राख आजही खालीं येत आहे.

ही राख कोठची, याचा धागाही लागत आहे. आपला ढग ज्या विशाल पोकळींत तरंगतो ती सुमारें हजार प्रकाशवर्षें रुंद आहे. कॅथरीन झुकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२२ मध्यें दाखविलें, कीं सुमारें १ कोटी ४० लक्ष वर्षांपूर्वीं सुरू झालेल्या पंधराएक ताऱ्यांच्या स्फोटांनीं ती पोखरली गेली. आपला सूर्य त्या वेळीं तिच्या बाहेर होता, व सुमारें ५० लक्ष वर्षांपूर्वीं तींत शिरला. आपण मूळचे या वाड्यांतले नव्हे, वाटेनें जातां जातां आंत आलेले आहों.

आणि या ढगांतही आपला मुक्काम संपत आला आहे. हबल दुर्बिणीनें जवळच्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश तपासून सेथ रेडफील्ड व जेफ्री लिन्स्की यांनीं २००८ मध्यें आसपासच्या पंधरा ढगांचा नकाशा तयार केला. व्याधाकडे पाहिलें तर वाटेंत दोन निरनिराळे ढग लागतात. नरतुरंगांतील मित्र ताऱ्याकडे पाहिलें तर शेजारच्याच ढगाची खूण मिळते. सूर्य आपल्या ढगाच्या अगदीं कडेशीं आहे, एवढें यावरून दिसतें. दोन हजार वर्षांच्या आंत तो बाहेर पडेल असा पूर्वीं हिशेब होता; दोन ढग जेथें एकमेकांत मिसळतात त्या पट्ट्यांत तो आतांच शिरला आहे, असें अलीकडे कांहीं जणांचें मत पडलें आहे. येणाऱ्या वाऱ्याचा वेग व उष्णता बारकाईनें मोजीत राहिल्यास याचा उलगडा होण्यासारखा आहे. त्याकरितां २४ सप्टेंबर २०२५ रोजीं अमेरिकेनें आयमॅप नांवाचें यान सोडलें. त्याचें ठाणें पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूस सुमारें पंधरा लक्ष किलोमीटरांवर आहे. हद्दीकडून परतणारे व बाहेरून आंत शिरणारे अणु टिपणें हें त्याचें काम. शेजारच्या त्या ढगाचें तापमान आपल्या ढगाहून हजार-दोन हजार अंशांनीं कमी आढळलें आहे.